वाचकांचे प्रश्न : साम्राज्य, सरकारी दप्तर आणि कादंबरी

साम्राज्य आणि कादंबरी यांच्या नात्याविषयी वाचकांनी आपले प्रश्न कळवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : ‘रॉबिन्सन क्रूसो’ मी वर्गात नेहमी साहसकथा म्हणून शिकवली. आता महाविद्यालयात जाणारा माझा नातू म्हणतो की, ते पुस्तक गुलामगिरीचे समर्थन करते. तीनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला आजचे निकष लावणे न्याय्य आहे का?
— निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या नातवाचे म्हणणे तपासण्यासाठी आजचे निकष बाहेरून आणण्याची गरज नाही; डॅनियल डीफोची मूळ कादंबरी पुन्हा उघडली तरी पुरे. १७१९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात क्रूसोचे जहाज फुटते, ते तो ब्राझीलमधल्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेला असताना. मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांतून हा तपशील बहुधा गळतो. पुढे बेटावर ज्याचे प्राण तो वाचवतो, त्या माणसाला त्याचे स्वतःचे नाव काय, हे क्रूसो विचारत नाही. ज्या वारी तो सापडला त्या वाराचे नाव तो त्याला देतो आणि मला ‘मालक’ म्हणायचे, असे शिकवतो. डीफोला यात वावगे काही वाटले नाही, आणि म्हणूनच हे पुस्तक त्या काळच्या मनाचा इतका विश्वासू पुरावा ठरते.

जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’मध्ये (१८१४) साम्राज्य इतके उघड दिसत नाही. घरमालक सर टॉमस काही काळ अँटिग्वा बेटावरच्या आपल्या मालमत्तेची व्यवस्था लावायला जातो. तो परतल्यावर नायिका फॅनी त्याला गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते, आणि खोलीत कोणीच काही बोलत नाही. पॅलेस्टिनी-अमेरिकन समीक्षक एडवर्ड सैद यांनी १९९३ सालच्या ‘कल्चर अँड इम्पीरिअलिझम’ या ग्रंथात नेमके या शांततेकडे लक्ष वेधले. त्या शांत, शिस्तबद्ध घराचा खर्च समुद्रापलीकडच्या मळ्यावर चालतो, हे वाचकाने ध्यानात ठेवावे, एवढीच त्यांची मागणी होती. ऑस्टिन वाचू नये, असे त्यांनी कधीही सुचवले नाही. उलट त्यांनी तिला फार बारकाईने वाचले.

कादंबरीकारांनी या पुस्तकांना कादंबरीनेच उत्तर दिले, हे आपण नातवाला अवश्य सांगावे. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) माळ्यावर कोंडलेली वेडी बायको जमैकाहून आणलेली आहे आणि तिला कथेत एकही वाक्य बोलायला मिळत नाही. डोमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिस यांनी १९६६ साली ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून त्या बाईचे बालपण, तिची भीती आणि तिचे खरे नाव तिला परत दिले. त्या कादंबरीतही नवरा बायकोचे नाव बदलतो. माणसाचे नाव पुसून त्याला सोयीचे नाव देणे हे साम्राज्याच्या कारभाराचे पहिले पाऊल असते, आणि वर्गात ‘क्रूसो’ शिकवताना एक तास या प्रसंगासाठी अवश्य राखून ठेवावा.

प्रश्न : मी ठाणे न्यायालयात वकिली करतो. वाटसरूंना लुटून ठार मारणाऱ्या ठगांवरची मेडोज टेलरची कादंबरी नुकतीच वाचली. ती ठगांच्या खऱ्या कबुलीजबाबांवर आधारलेली आहे, असे सांगितले जाते. तिला इतिहास मानता येईल का?
— वकील, ठाणे पश्चिम

उत्तर : आपल्या व्यवसायामुळे या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्यापाशीच आहे. माफीच्या साक्षीदाराची जबानी स्वतंत्र पुराव्याशिवाय स्वीकारताना न्यायालय किती सावध असते, ते आपण जाणता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) ही संपूर्ण कादंबरी अशाच एका माफीच्या साक्षीदाराची जबानी आहे. अमीर अली नावाचा कैदी आपल्या खुनांची हकीकत ‘साहेबां’ना सांगतो आणि साहेब ती लिहून घेतात. टेलर तेव्हा निजामाच्या चाकरीत होते आणि अशा जबान्या घेण्याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. त्यामुळे कादंबरीतले रस्ते, सराया, वाटसरूंची बोलणी आणि दख्खनचा मुलूख यांचे चित्रण जिवंत उतरले आहे, हे मान्यच करावे लागते. परंतु या कादंबरीची रचना पाहिली, तर बोलणारा बेड्यांत आहे, लिहिणारा सत्तेत आहे, आणि बोलणाऱ्याचा जीव लिहिणाऱ्याच्या समाधानावर अवलंबून आहे. अशा जबानीत जे सांगितले जाते, त्यात ऐकणाऱ्याला काय ऐकायचे आहे याचा वाटा किती, हा प्रश्न कादंबरी स्वतःला विचारत नाही. ठगांच्या टोळ्या खरोखर किती संघटित होत्या, याविषयी इतिहासकारांत आजही तीव्र मतभेद आहेत.

या प्रकरणाचे परिणाम मात्र साहित्यापुरते राहिले नाहीत. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. विशिष्ट खून सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाही. एखादा समूहच मुळात गुन्हेगार असतो आणि गुन्हा वंशपरंपरेने चालत येतो, ही कल्पना ठगांविरुद्धच्या सरकारी मोहिमेने आणि तिच्याभोवती रचलेल्या लेखनाने सुशिक्षित मनात पक्की केली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच विचाराच्या वाटेवरचा पुढचा टप्पा होता. या कायद्याने असंख्य जमातींची सरकारी दप्तरात जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंद झाली. हजेरी देणे, परवान्याशिवाय गाव न सोडणे आणि पुढे सेटलमेंटच्या, म्हणजे सरकारी बंदिस्त वस्तीच्या, कुंपणात राहणे त्यांच्या नशिबी आले. हा कायदा देशभरातून हटला तो १९५२ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

आता आपल्याला एका मराठी कादंबरीची आठवण करून द्यावीशी वाटते. विभावरी शिरूरकर या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर यांनी गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून काम केले होते. त्या अनुभवातून त्यांनी लिहिलेली ‘बळी’ ही कादंबरी १९५० साली, म्हणजे तो कायदा देशभरातून जाण्याच्याही आधी, प्रसिद्ध झाली. तारेच्या कुंपणातली वस्ती, तिथली हजेरी, उपासमार, आपसातल्या मारामाऱ्या, आणि या सर्वांतून माणूस म्हणून वर येऊ पाहणाऱ्यांची घुसमट त्यांनी कोणताही गोडवा न लावता मांडली. टेलर आणि मालतीबाई हे दोघेही अधिकारी होते, दोघांच्याही हातात नोंदवही होती. टेलरच्या कादंबरीत अधिकारी कैद्याचे मन जाणून घेतो ते त्याला ओळखून बंदोबस्त करण्यासाठी; मालतीबाईंच्या कादंबरीत तीच नोंदवही उलटून बंदोबस्ताचीच तपासणी होते. मराठी कादंबरीने साम्राज्याच्या कारभाराला दिलेले सर्वांत गंभीर उत्तर मी ‘बळी’लाच मानतो, आणि वसाहतवादविरोधी साहित्याच्या चर्चेत तिचे नाव इतक्या क्वचित घेतले जाते याचे मला मनापासून दुःख आहे. त्यात गोरा साहेब फारसा दिसत नाही, म्हणून कदाचित तिला कोणी त्या वर्गात बसवले नसावे. परंतु साहेबाने लिहिलेला कायदा तिथे प्रत्येक पानावर हजर आहे.

याच संदर्भात नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीचा शेवट पाहावा. ओकोंक्वो नावाच्या एका अभिमानी, तापट, चुकणाऱ्या माणसाचे सगळे आयुष्य आपण वाचलेले असते. त्याच्या मृत्यूनंतर इंग्रज जिल्हा आयुक्त मनात हिशेब करतो की, आपण लिहीत असलेल्या पुस्तकात या माणसावर एक प्रकरण होईल. प्रकरण नाही तरी एक बऱ्यापैकी परिच्छेद नक्कीच होईल. त्या नियोजित पुस्तकाचे नाव नायजर नदीच्या खालच्या खोऱ्यातील रानटी टोळ्यांच्या शांततास्थापनेविषयीचे आहे. आपण इतका वेळ ज्याच्यासोबत राहिलो, तो माणूस सरकारी पुस्तकात एका परिच्छेदात मावणार, हे वाचताना जो संताप येतो, तो कोणत्याही भाषणाने आणता आला नसता.

प्रश्न : ‘अ पॅसेज टू इंडिया’ लिहिणारा ई. एम. फॉर्स्टर भारताचा मित्र होता, असे आम्हांला शिकवले गेले. ते खरे मानावे का?
— बँक कर्मचारी, वाशी

उत्तर : मित्र होता, आणि मराठी माणसांचा विशेष होता. १९२१ साली फॉर्स्टर देवास थोरली पाती या मराठा संस्थानात तुकोजीराव पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता आणि तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने डोळे भरून पाहिला. १९२४ च्या कादंबरीतले प्राध्यापक नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण असून शेवटच्या भागात ते गोकुळाष्टमीला तुकारामाचे नाव घेत, त्याला मायबाप म्हणत, कीर्तनात तल्लीन होऊन नाचतात. जगप्रसिद्ध इंग्रजी कादंबरीत तुकोबांचे नाव असे यावे, याचा मराठी वाचकाला आनंद होणे स्वाभाविक आहे.

न्यायालयातला प्रसंगही फॉर्स्टरने धैर्याने लिहिला. डॉ. अझीझवर गोऱ्या स्त्रीने केलेला आरोप ती स्वतःच मागे घेते, आणि तोवर संपूर्ण इंग्रज वसाहत केवळ वर्णाच्या आधारे एकजूट झालेली आपण पाहिलेली असते. मात्र राजकारणाचा प्रश्न जिथे टोकाला येतो, तिथे फॉर्स्टर तो गूढाकडे वळवतो, असे मला वाटते. अझीझ आणि त्याचा इंग्रज मित्र फील्डिंग यांची मैत्री आज होऊ शकत नाही, हे शेवटी घोडे, देवळे आणि आकाश सांगतात. माणसांनी लादलेली सत्ता हे तिचे कारण आहे, हे अझीझच्या तोंडून येते, पण कादंबरी त्यावर थांबत नाही. स्वतः गोडबोले तर राजकीय प्रश्नावर एक शब्द स्पष्ट बोलत नाहीत. १९२४ साली, टिळकांच्या निधनाला चारच वर्षे झाली असताना, एका सुशिक्षित दख्खनी ब्राह्मणाला राजकारणाविषयी काहीच म्हणायचे नसावे, हे पटत नाही.

जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’बाबत असाच, पण अधिक कठोर आक्षेप अचेबे यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील व्याख्यानात घेतला. कॉनरॅडने बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या काँगोतली लूट स्वतः पाहिली होती आणि तिचा तिटकारा त्याच्या पानापानांत आहे. तरीही त्या कादंबरीत आफ्रिकी माणूस जवळजवळ बोलतच नाही. साम्राज्याचा निषेध करणे आणि साम्राज्याखालच्या माणसाला पूर्ण माणूस म्हणून पाहणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. फॉर्स्टर दुसऱ्या कसोटीच्या बराच जवळ पोहोचला. कॉनरॅड पोहोचला नाही.

प्रश्न : ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून मी आयुष्यभर ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या. गड, तलवारी, दरबार पुष्कळ भेटले. पण ज्या इंग्रजांनी दीडशे वर्षे राज्य केले, ते या कादंबऱ्यांत फारसे का भेटत नाहीत?
— ज्येष्ठ वाचक, चरई, ठाणे

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले आभार. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या उगमाशीच एक विलक्षण गोष्ट आहे. हरिभाऊ आपटे यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ ही वर उल्लेख केलेल्या मेडोज टेलरच्याच टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधारे लिहिलेली होती. म्हणजे आपला इतिहास कादंबरीत कसा सांगावा, याचा पहिला धडा हरिभाऊंनी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकावरून गिरवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ‘उषःकाल’ लिहून त्यांनी शिवकाल स्वतःच्या भाषेत उभा केला, हे त्यांचे मोठेपण आहे.

परंतु काळ कठीण होता. राजद्रोहाचे कलम १८७० पासून दंडसंहितेत होते आणि १८९७ साली लोकमान्य टिळकांना त्याखाली शिक्षा झाली. अशा परिस्थितीत परकी सत्तेविषयी लिहायचे, तर ती सत्ता विजापूरची किंवा दिल्लीची असणे सुरक्षित होते. वाचकालाही ओळींमागचा अर्थ कळत होता. बंगालीत बंकिमचंद्रांनी १८८२ च्या ‘आनंदमठ’मध्ये हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. ते स्वतः सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, आणि ज्या कादंबरीने देशाला ‘वंदे मातरम्’ दिले, तिच्याच शेवटी इंग्रजांचे राज्य तूर्त हितकारक आहे, असे एका महापुरुषाकडून वदवले जाते. शरदचंद्रांनी पुढे १९२६ साली ‘पथेर दाबी’त हा आडपडदा टाकून दिला, तेव्हा सरकारने ते पुस्तक जप्त केले. आडपडद्याची किंमत मात्र आपण आजही मोजत आहोत. इंग्रज गेल्यावर तो पडदा काढून टाकता आला असता. परंतु वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या मनात परकी सत्ता म्हणजे केवळ मुसलमान सुलतान हेच समीकरण घट्ट बसले, आणि प्रत्यक्ष ज्यांनी जमीनमहसूल, जंगल, मीठ आणि कायदा यांतून आपले जगणे बदलले, ते इंग्रज कादंबरीच्या कडेला राहिले.

अपवाद आहेत, आणि त्यांतला एक आपल्या घराजवळचा आहे. ना. सं. इनामदार यांच्या ‘झेप’ (१९६३), ‘झुंज’ (१९६६) आणि ‘मंत्रावेगळा’ (१९६९) या कादंबऱ्यांत मराठी सत्ता आणि कंपनी सरकार समोरासमोर येतात. ‘झेप’चा नायक दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे. १८१५ साली पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, त्याचा ठपका त्रिंबकजींवर ठेवून पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्यांना पेशव्यांकडून मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. आज जिथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, तोच हा किल्ला. फितुरी होऊ नये म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई नेमले होते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तिथून निसटले. कलकत्त्याचा इंग्रज धर्मगुरू बिशप हेबर याने आपल्या प्रवासवर्णनात याची हकीकत दिली आहे : एका अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करताना गाणी म्हणत असे, आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत कैद्यापर्यंत पोहोचला, पहारेकऱ्यांना मराठी येत नसल्यामुळे संशय आला नाही. हेबरने पुढे १८२४ साली चुनारच्या किल्ल्यात पुन्हा कैदेत पडलेल्या त्रिंबकजींना पाहिले होते.

इंग्रजी अहवालांतला त्रिंबकजी हा नुसता कपटी खुनी आहे. इनामदारांनी त्या अहवालापलीकडचा माणूस शोधला. त्यांनी नायकाला थोडे अधिक उजळ रंगवले असेल, तरी ज्याच्याविषयीची बहुतेक कागदपत्रे शत्रूच्या हातची आहेत, त्याची बाजू कल्पनेने उभी करणे हे कादंबरीकाराचे रास्त काम आहे.

प्रश्न : इंग्रजीत लिहून इंग्रजी साम्राज्याला विरोध करता येतो का? आणि इतर युरोपीय साम्राज्यांविषयी कोणत्या कादंबऱ्या आहेत?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच सापडते. डच सरकारचा जावामधला अधिकारी एडुआर्ड डौवेस डेकर याने रयतेवरच्या जुलमाविरुद्ध तक्रार केली, तिची दखल न घेतल्यामुळे १८५६ साली नोकरी सोडली आणि १८६० साली मुल्तातुली या टोपणनावाने ‘माक्स हावेलार’ लिहिली. कादंबरीची सुरुवात ॲम्स्टरडॅमच्या एका कॉफीच्या दलालाच्या तोंडून होते, ज्याला आपला धंदा सोडून कशातच रस नाही. शेवटी लेखक स्वतः पुढे येऊन पात्रांना बाजूला सारतो आणि थेट डच राजाला जाब विचारतो. फिलिपिन्सच्या होसे रिसाल यांनी स्पॅनिशमध्येच ‘नोली मे तांगेरे’ (१८८७) लिहिली. १८९६ साली स्पॅनिश सरकारने त्यांना मनिलात गोळ्या घालून ठार केले. राज्यकर्त्याची भाषा त्याच्याच दारात उभे राहून बोलण्यासाठी वापरता येते, याचे हे दोन भक्कम पुरावे आहेत.

केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांचा अनुभव मात्र वेगळा प्रश्न उभा करतो. १९७७ साली त्यांची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही जळजळीत इंग्रजी कादंबरी आली, तेव्हा ते मोकळे राहिले. त्याच वर्षी त्यांनी गिकुयू या आपल्या मातृभाषेत, गावातल्या शेतकरी-कामगारांना घेऊन नाटक केले आणि वर्षअखेरीस त्यांना खटल्याविना तुरुंगात टाकले. तिथे शौचकूपातल्या कागदावर त्यांनी गिकुयूतली पहिली कादंबरी लिहिली. त्यांना कोंडणारे सरकार ब्रिटिश नव्हते, स्वतंत्र केनियाचे होते. इंडोनेशियाचे प्रामुद्या अनंता तूर यांना स्वतंत्र इंडोनेशियाच्या सरकारने बुरू बेटावर दहा वर्षे ठेवले. लिहिण्याची परवानगी नव्हती, तेव्हा त्यांनी डच काळावरची आपली कादंबरी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. ‘धिस अर्थ ऑफ मॅनकाइंड’ या नावाने जगाला माहीत असलेले ते पुस्तक १९८० साली निघाले आणि पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली. साहेबाचा तुरुंग, साहेबाचा कायदा आणि साहेबाची भीती नव्या सत्तेने जशीच्या तशी उचलली, हे या दोघांच्या आयुष्यातून जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच कुठे दिसेल.

मराठीत लिहिले म्हणजे आपण आपोआप साम्राज्याच्या बाहेर पडलो, असेही नाही. ‘बळी’तल्या वस्तीवरच्या माणसांच्या घरातल्या बोली वेगळ्या होत्या आणि त्यांच्या दृष्टीने प्रमाण मराठी ही कचेरीचीच भाषा होती. आपण साहित्याच्या विद्यार्थिनी असाल, तर या बाजूनेही अभ्यास करावा, अशी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर महिन्याला वाचनगट भरतो. या विषयासाठी कोणती दोन पुस्तके सुचवाल?
— गृहिणी, नेरूळ

उत्तर : ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ आणि ‘बळी’. दोन्ही आकाराने लहान आहेत. शक्य असल्यास ‘बळी’ आधी घ्यावी, आणि गटात कोणाच्या कुटुंबाला सेटलमेंटचा इतिहास असेल व त्यांना बोलायचे असेल, तर त्या दिवशी पुस्तकावरची चर्चा मागे ठेवून आधी त्यांचे ऐकावे.